पेटीतलं ओरिजनल

मुरबाडला लायसन्सच्या परीक्षेला माझ्यापुढे एक बाई होती. तिच्या पिशवीत सगळ्या कागदांच्या झेरॉक्स होत्या.

"ओरिजनल आधार कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"घरी, पेटीत. म्हशाच्या जत्रेत खरं मंगळसूत्र घालून कोण जातं, साहेब?"

मी हसलो. माझी ओरिजनलची फाईल चोख होती.

साहेबांनी तिला परत पाठवलं आणि स्वतः जेवायला उठले. तासाभरात ती कार्ड पदराला बांधून आली. साहेबांनी हात पुढे केला. तिनं कार्ड त्यांच्यापुढे धरलं, पण कोपरा काही सोडला नाही.

"वाचा की. दिसतंय ना?"

साहेबांनी निमूट वाचलं आणि माझ्याकडे वळले. मघाशी चहा घेताना मी फाईल कुणाला तरी धरायला दिली होती. त्याचा चेहरा काही आठवेना.