हरणाऱ्याने ठरवायचं वजन

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. कापडाच्या लूमखाली धाग्याचा कचरा साचतो ना, तसे ते साचतात. रोज काम चालू असतं, कुणाचं लक्ष नसतं, आणि एक दिवस पाय अडकतो तेव्हा कळतं की खाली केवढा ढीग झालाय. सुरतेत, भेस्तानला रमणभाईंच्या हॉलमध्ये माझा पाय असाच अडकला.

हॉल म्हणजे पूर्वीचं लूमचं खातं. रमणभाईंनी लूम विकले आणि कुठल्याशा क्लबाने काढून टाकलेलं पूलचं टेबल आणून मधोमध बसवलं. येणारे सगळे आसपासचे कामगार. मी मराठी शाळेत शिकवतो. मला खेळता येत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून मला पंच केलं. "सर, तुम्हाला खेळातलं काही कळत नाही ना? मग तुम्ही कुणाची बाजू घेणार नाही!"

महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, आमची स्पर्धा. पांढऱ्या बॉलने मारून आपले सात बॉल पॉकेटात घालायचे आणि शेवटी काळा. बॉल गेला की पाळी आपलीच, पांढरा गेला की समोरच्याची. काळा आधी गेला तर हरलात. एवढंच मला ठाऊक होतं आणि एवढ्यावर माझी पंचगिरी उत्तम चालली होती. मग वाघ आला.

*

दिनेश वाघ मूळचा शिरपूरकडचा. दारात उभा राहून त्याने अदबीने विचारलं, "बाहेरच्या माणसाला खेळू देता का?"

आमच्यातले वडीलधारे भिकाआबा. लूम दुरुस्त करणारे जॉबर, तेही खान्देशचे. त्यांना गाववाला भेटल्याचा केवढा आनंद! "शिरपूरना शे ना तू? मंग बाहेरना कसा? ये, पहिली मॅच मनासंगेच खेळ!"

वाघने ब्रेक केला, म्हणजे पहिल्या फटक्याने बॉल फोडले. एक बॉल गेला. मग दुसरा. मग तो टेबलाभोवती फिरत राहिला आणि बॉल जात राहिले. भिकाआबा हातात स्टिक घेऊन, टोकाला चॉक लावून, खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. उठायच्या तयारीत. काळा बॉलही गेला तेव्हा ते म्हणाले, "ते ठीक शे भाऊ, पण मना नंबर कव्हय येई?"

वाघ नम्रपणे म्हणाला, "आबा, पुढच्या महिन्यात."

*

नंतर कळलं, वाघ नाशिकच्या एका क्लबात मार्कर होता. मेंबर लोकांची टेबलं पुसायची, बॉल लावायचे, आणि मेंबर घरी गेले की खेळायचं. अशी दहा-बारा वर्षं. क्लब बंद पडला आणि तो सुरतेला लूमवर आला.

लागोपाठ तीन महिने तोच जिंकला. बक्षीस रमणभाई देतात. त्यांच्या साडूचं गिफ्ट आर्टिकलचं दुकान आहे. तिथे जे खपत नाही ते आमच्याकडे बक्षीस होऊन येतं. त्या दिवसांत भिंतीवरची घड्याळं खपत नव्हती.

चौथ्या महिन्यात वाघच्या आधी त्याची बायको मंगला जिना चढून वर आली. हॉलमध्ये पाऊल टाकणारी ती पहिली बाई. सगळ्यांनी आपापल्या बनियनवर शर्ट चढवले.

"पंच कोण आहे?"

मी हात वर केला.

"सर, एका खोलीत तीन घड्याळं झालीत. तिन्ही वेगळी वेळ दाखवतात. हे सोयीचं घड्याळ बघून घरी येतात! यांना एकदा तरी हरवा. नाहीतर बक्षिसाला कुकर ठेवा. माझ्या कुकरची शिट्टी महिनाभरापासून वाजत नाही, डाळ शिजली का ते मला अंदाजाने ओळखावं लागतं."

*

चौथं घड्याळही वाघनेच नेलं आणि त्याला काढून टाका, असा ठराव आला. ठराव मांडणारा संजू टेम्पो, नुकताच फायनलमध्ये त्याच्याकडून हरलेला. अकोल्याकडचा, तोंडाने तिखट. "काऊन बे, हा मोठ्या मैदानातला माणूस, आमच्या गल्लीत काऊन आला? याला खेळू द्यायचं म्हणजे आमी फक्त टाळ्या वाजवायच्या काय?"

वाघ एरवी टोमण्याला टोमणा परत करणारा माणूस. या वेळी एवढंच म्हणाला, "मला काढू नका. इथे येईपर्यंत मला खेळताना कुणी बघितलंच नव्हतं. मेंबर गेल्यावरच खेळायचो."

संजूसुद्धा जरा नरमला. निर्णय मात्र पंचावर आला. मी एक दिवस मागून घेतला आणि घरी येऊन हिला सगळं सांगितलं. आमची ही मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्याला लागलं त्यालाच विचारा ना, किती लागलं ते."

"म्हणजे?"

"जिंकला त्याच्यावर पुढच्या वेळी काहीतरी वजन टाकायचं. आणि ते वजन फायनलमध्ये हरलेल्याने ठरवायचं. तुम्ही नाही, रमणभाईंनी नाही. हरलेल्याने. त्याचा राग निघेल आणि वाघचं खेळणंही राहील."

दुसऱ्या दिवशी नियम एकमताने पास झाला. त्याचं नाव पडलं वहिनींचा नियम. ही हॉलमध्ये कधी आली नाही, पण स्पर्धेच्या दिवशी मी घरी पोचलो की चपला काढायच्या आधी प्रश्न यायचा, "आज वाघला काय घातलं?"

*

पहिलं वजन संजूने घातलं. "डाव्या हातानं खेळायचं!"

वाघने स्टिक डाव्या हातात घेतली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. आम्हाला वाटलं, आता सापडला. मग त्याने अर्ध्या वेळात टेबल साफ केलं.

"मी जन्माचा डावखुरा," तो म्हणाला. "वडिलांनी मारून मारून उजवा केला. क्लबातही साहेब लोक ओरडायचे. तुमचे फार उपकार झाले, संजूभाऊ!"

संजू पुढे आठवडाभर टेम्पोचा हॉर्नसुद्धा वाजवत नव्हता.

*

मग भिकाआबांच्या डोक्यात वेगळीच कल्पना आली.

आमच्या टेबलाचं एक गुपित आहे. वर्षानुवर्षं लूम थडथडून हॉलची फरशी मोरीच्या कोपऱ्याकडे खचली आहे. त्यामुळे हळू मारलेला बॉल शेवटी शेवटी मोरीकडे वळतो. आमचे लोक सवयीने टीचभर बाजूला नेम धरतात आणि बॉल बरोबर जातो. आबांनी विचार केला, वाघही आता हा उतार शिकलाय. मग उतारच बदलला तर?

स्पर्धेच्या दिवशी सकाळी त्यांनी एकट्यानेच येऊन मोरीकडच्या पायाखाली पुठ्ठा सरकवला. कुणाला सांगितलं नाही. जॉबरचा हात, काम चोख. पण थोड्या वेळाने संजू आला. त्याच्याही डोक्यात तीच कल्पना! त्यानेही त्याच पायाखाली आणखी एक पुठ्ठा सरकवला आणि तोही गप्प.

टेबल आता उलट्या बाजूला, खिडकीकडे उतरायला लागलं.

पहिल्या फेरीत आमची माणसं एकामागून एक गारद. जो तो सवयीचा नेम धरतोय आणि बॉल भलतीकडे चाललाय. कुणी स्टिकला शिव्या देतंय, कुणी चॉकला. संजू हरला. आबा तर सर्वात आधी हरले.

वाघने मॅचआधी पांढरा बॉल हाताने हळूच ढकलला, तो कुठे जातो ते पाहिलं, मान डोलावली आणि स्पर्धा जिंकली. घड्याळ नंबर सहा.

मागाहून पुठ्ठे सापडले तेव्हा मी आबांना विचारलं, "पण आबा, एक पुठ्ठा तर तुमचाच होता. तुम्ही कसे हरलात?"

आबा म्हणाले, "डोक्याला माहीत होतं हो सर. हाताला सांगायचं राहिलं!"

त्या रात्री ही इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

*

एका महिन्यात शहराच्या पलीकडच्या टोकाहून, एसी क्लबात खेळणारा एक तरुण आला. स्टिक दोन तुकड्यांत, चामड्याच्या पेटीत. एकाच हातात मोजा. सगळ्यांना अंकल, अंकल. फायनलमध्ये त्याची गाठ वाघशी पडली. वाघवर त्या महिन्यात नुसतं चॉक न लावायचं वजन होतं, पण वजन नसतं तरी फरक पडला नसता. तरुणाने ब्रेक केला आणि फिरायला लागला. वाघ खुर्चीच्या कडेवर, उठायच्या तयारीत.

टेबल साफ झालं तसा वाघ उसळला. "सर, हे काय चाललंय? हा एवढा मोठा खेळाडू, याने आपल्या छोट्या स्पर्धेत यायचं? याला काही न्याय आहे का?"

सगळा हॉल छताकडे बघायला लागला. रमणभाईंनी पंख्याचा वेग उगाच कमीजास्त केला.

शेवटी भिकाआबांनी वाघच्या पाठीवरून हात फिरवला. "आते समजनं ना भाऊ?"

नियमाने वजन ठरवायचा हक्क वाघचा. त्याने तरुणाच्या चामड्याच्या पेटीकडे पाहिलं. "पुढच्या महिन्यात जरूर या. फक्त आमच्या भिंतीवरची स्टिक वापरायची."

आमच्या भिंतीवरच्या स्टिका हिरव्या मिरच्यांइतक्याच सरळ आहेत. तरुण आला, प्रामाणिकपणे खेळला, आणि पहिल्याच फेरीत भिकाआबांकडून हरला. आबांनी त्या दिवसाचा फोटो काढून घरी लावलाय.

*

गेल्या वर्षी ही गेली.

काही महिने मी हॉलकडे फिरकलो नाही. स्पर्धाही झाली नाही; पंच नाही, असं कारण सांगायचे. मग एका सुट्टीला संजू टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. "सर, बसा. मागं नाही, पुढं बसा."

हॉलमध्ये गेलो तर ड्रॉमध्ये माझं नाव. खेळाडू म्हणून!

"मला खेळता येत नाही," मी म्हणालो.

"आम्हाला तरी कुठं येतं?" आबा म्हणाले.

बक्षिसाच्या टेबलावर या खेपेला घड्याळ नव्हतं. कुकर होता. पाच लिटरचा, नवाकोरा. रमणभाईंच्या साडूने अखेर घड्याळं संपवली होती. मंगला जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती आणि कुकरवरून नजर हलवत नव्हती.

पहिली मॅच आबांशी. आबांनी दुसऱ्याच फटक्याला काळा बॉल घातला. "अरे अरे, चुकी गया!" मग संजू. त्याने पांढरा बॉल तीनदा पॉकेटात घातला आणि दर वेळी कपाळावर हात मारला. फारच जोरात. मग रमणभाई. ते तर ऐन मॅचमध्ये फोन आला म्हणून मॅच सोडून गेले, आणि फोन वाजल्याचं मी काही ऐकलं नाही. असा मी फायनलला पोचलो. समोर वाघ.

"या महिन्यात वाघवर वजन नाही," रमणभाईंनी जाहीर केलं. "मागली फायनल जुनी थई गई, कोणाला आठवत नथी."

वाघने ब्रेक केला. मग एक सोपा बॉल मारला. तो पॉकेटाच्या कडेला लागला, कडेवर जरासा थांबला आणि परत आला. पुढच्या पाळीलाही तसंच. त्याच्या पुढच्यालाही. पंचगिरी करून एवढं मला कळतं की इतकं अचूक चुकायला फार मोठा खेळाडू लागतो. तो माझ्याकडे बघत नव्हता. मंगलाकडेही बघत नव्हता. आणि मंगलाने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

मी स्टिक टेबलावर ठेवली.

"वाघ, थांब. हे वजन तू कुणाला विचारून घेतलंस?"

वाघने स्टिक खाली घेतली.

"कुठलं वजन, सर?"

"आत्ता जे घेऊन खेळतोयस ते. वजन हरणारा ठरवतो, असा नियम आहे. मी अजून हरलेलो नाही. नियम कुणाचा आहे, माहीत आहे ना?"

वाघने मान खाली घातली. मग चॉक उचललं. सावकाश, सगळ्या बाजूंनी टोकाला लावलं. मी म्हणालो, "पुन्हा पहिल्यापासून. ब्रेक कर."

त्याने ब्रेक केला. एक बॉल गेला. मग दुसरा. तो टेबलाभोवती फिरत राहिला. मी स्टिक घेऊन खुर्चीच्या कडेवर, उठायच्या तयारीत. असा खेळ मी पंच असतानाही पाहिला नव्हता. काळा बॉल मोरीकडच्या पॉकेटात गेला तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही.

मी विचारलं, "माझी पाळी कधी?"

वाघने डोळे पुसले. शर्टाच्या बाहीने. "सर, पुढच्या महिन्यात."

मग जो हशा झाला, तो खाली रस्त्यापर्यंत गेला असेल. मंगलाने कुकर उचलला, झाकण लावून पाहिलं, शिट्टी हलवून पाहिली आणि पदराखाली घेतला. कुणी परत मागेल अशी भीती असावी.

"सर, आता वजन सांगा," संजू म्हणाला. "जबरदस्त घाला!"

मी विचार करून ठेवलाच होता. "पुढच्या स्पर्धेपर्यंत वाघने रोज शिफ्ट सुटल्यावर मला खेळायला शिकवायचं."

सगळ्यांनी वाघकडे पाहिलं. वाघने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या स्टिककडे, जी मी पूर्ण फायनलभर उलटी धरली होती.

"सर," तो हात जोडून म्हणाला, "त्यापेक्षा माझे दोन्ही डोळे बांधा!"