कॉर्डोबाच्या पुलावर आठजण

अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या त्या पाच मराठी जोडप्यांच्या सहली श्रीरंग ठरवायचा. ते काम त्याला कुणी दिलेलं नव्हतं. बाकीच्यांच्या हातून वेळेवर काही होत नसे आणि त्याला उशीर सहन होत नसे, म्हणून त्यानं ते घेतलं होतं. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि घरी आला की सहलीचा तक्ता उघडून बसायचं, असा तो माणूस. स्पेनचा तक्ता त्यानं दोन वर्षं घासूनपुसून केला होता. त्यात कॉर्डोबाच्या रोमन पुलासाठी एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवलेली होती. पुढे शेरा होता : 'चौदा ऑक्टोबर, साडेसहा. ऊन पश्चिमेकडून कमानींवर पडतं. कमानी सोळा, त्यातल्या बहुधा दोनच मूळच्या रोमन, बाकीच्या मागाहून बांधलेल्या. घाई करायची नाही.'

त्याची बायको चारुता तिथल्याच एका औषधाच्या कंपनीत कागद तपासायची. नागपूरहून लग्न होऊन आली तेव्हा तिला नोकरीची परवानगी नव्हती. ती सात वर्षं घरात बसून होती. त्या काळात हीच चार घरं तिचं माहेर झाली. वीणा तर सख्ख्या बहिणीसारखी. चारुताच्या मुलीच्या जन्माच्या वेळी श्रीरंग गावाला गेला होता, तेव्हा दवाखान्यात वीणाच शेजारी उभी होती.

फेब्रुवारीत श्रीरंगला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि जूनमध्ये तो गेला. सहा आठवडे चारी घरांनी पाळीपाळीनं डबे पोचवले. मग डबे थांबले, आणि ऑगस्टपर्यंत फोनही थांबले.

ऑगस्टातल्या एका रविवारी दुपारी चारुतानं स्पेनचा तक्ता उघडला. तिला काही ठरवायचं नव्हतं, नुसते त्याचे शेरे वाचायचे होते. तक्ता ऑनलाइन, सगळ्यांचा होता. कोण तो उघडून बसलंय ते वर कोपऱ्यात दिसत असे, आणि आत्ता तिथे वीणाचं नाव होतं. तिच्या डोळ्यांदेखत 'श्रीरंग-चारुता' ही ओळ निळी झाली आणि नाहीशी झाली. खालची ओळ वर सरकली. हॉटेलच्या रकान्यात पाच खोल्यांच्या चार झाल्या.

तिनं फोन लावला. "वीणा, तू तक्त्यात आहेस का आत्ता?"

"अगं, मी तुला कॉल करणारच होते."

"आमचं नाव काढलंस तू."

"तुलाच त्रास होईल गं. सगळे कपल्स असणार, तुला ऑकवर्ड होईल. आणि खरं सांगू का, तू तिथे अशी एकटी दिसणार, मग आम्हालाही एन्जॉय करता येणार नाही. राग नको मानू."

"मी येणार नाही असं म्हटलं होतं का मी?"

"नाही. पण आम्हाला वाटलं."

चारुतानं फोन ठेवला. 'सगळे कपल्स असणार, तुला ऑकवर्ड होईल' हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. सहा वर्षांपूर्वी आश्लेषाचा नवरा तिला सोडून गेला. तोवर ही मंडळी सहा जोडपी होती. तळ्याकाठच्या घरी जायचं ठरलं तेव्हा आश्लेषाला कोण सांगणार, असा प्रश्न निघाला, आणि चारुता म्हणाली होती, मी सांगते. तिनं हेच वाक्य सांगितलं होतं. आश्लेषा 'बरं' म्हणाली होती, आणि 'समजूतदार आहे हो' असं चारुता घरी श्रीरंगला म्हणाली होती.

आता तिनं आश्लेषाचाच नंबर लावला.

"स्पेनला येतेस? आपण दोघीच जाऊ."

"त्यांनी तुला काढलं का?"

"हो."

"श्रीरंग गेला तेव्हाच मला वाटलं होतं." आश्लेषाचा आवाज भाजीचा भाव सांगावा इतका सपाट होता. "चारुता, त्या वर्षी मी दर शुक्रवारी फोन हातात घेऊन बसायचे. कुणीतरी बोलावेल म्हणून. आता मला तुमच्यातलं कुणी नको. तू तर नकोच." मग ती म्हणाली, "श्रीरंगचं मात्र वाईट वाटलं. त्या हिवाळ्यात माझ्या गाडीचं टायर बसलं, तर येऊन बदलून दिलं होतं त्यानं. तुला सांगू नको म्हणाला होता."

चारुतानं एकटीचं तिकीट काढलं. दुसरा कुठलाही आठवडा चालला असता, पण तिनं तोच घेतला. ही तारीख श्रीरंगची आहे, असं ती मनाशी म्हणत राहिली. ते अर्धंच खरं होतं. त्यांनी आपल्याला तिथे बघावं, असंही तिला वाटत होतं. निघण्याआधी तिनं केस रंगवून घेतले. विमानात बसून एक वाक्य जुळवलं, पुन्हा पुन्हा तासलं : 'त्याचा तक्ता घेतलात, आणि मी तेवढी जड झाले.'

चौदा तारखेला साडेसहाला ती शहराच्या बाजूनं पुलावर चढली. पूल रुंद होता, गाड्यांना बंद. खाली नदी संथ, मध्ये झाडीनं भरलेली बेटं, आणि ऊन खरोखरच पश्चिमेकडून कमानींवर येत होतं. पुलाच्या मध्यावर कठड्याशी एका देवदूताचा पुतळा आहे, पायाशी मेणबत्त्या. तिथे ते आठजण उभे होते. वीणाचा नवरा अमित फोनवरून मोठ्यानं वाचत होता, "कमानी सोळा, त्यातल्या बहुधा दोनच मूळच्या रोमन." कुणीतरी म्हणालं, "काय अभ्यास आहे यार तुझा." अमित हसला. त्यानं नाही म्हटलं नाही.

मग त्याला चारुता दिसली.

"अरे," तो म्हणाला आणि त्यानं फोन खिशात टाकला.

वीणा पुढे आली, तिनं मिठी मारली. "तू इथे? किती छान. सांगायचं ना आधी." कुठे उतरलीस, कधी आलीस, जेवलीस का, कुणीच विचारलं नाही. आठही चेहरे हसरे होते आणि कुणाचे डोळे तिच्यावर ठरत नव्हते. शेवटी त्यांच्यातला संजय म्हणाला, "बरं झालं, फोटो काढायला कुणीतरी मिळालं. सेल्फीत सगळे मावत नाहीत."

कुणी त्याला अडवलं नाही. वीणानं आपला फोन चारुताच्या हातात दिला आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली.

विमानात जुळवलेलं वाक्य चारुता बोललीच नाही. तिच्या तोंडून निघालं, "थोडे जवळ या."

ते जवळ आले. अमितनं वीणाच्या खांद्यावर हात टाकला. चारुतानं तीन फोटो काढले. नदीची रेघ सरळ ठेवली, मागचा शहराचा दगडी दरवाजा पुरा घेतला, कुणाचं डोकं कापलं जाऊ दिलं नाही. मुद्दाम बिघडवता आले असते, हे तिला दुसऱ्या दिवशी सुचलं.

"सातचं टेबल आहे गं," वीणा फोन परत घेत म्हणाली. "आठजणांचंच बुकिंग आहे, नाहीतर..."

"जा तुम्ही."

ते गेले. ती पलीकडच्या काठापर्यंत चालत गेली, खाली उतरली आणि त्या दोन जुन्या कमानी शोधू लागली. तिथल्या एका पहारेकऱ्याला विचारलं, तर त्यानं खांदे उडवले. दगड सगळे सारखेच धुतलेले होते. अर्ध्या तासानं ती शोधायची थांबली.

नोव्हेंबरात वीणाचा फोन आला. दिवाळीचा फराळ आहे, फक्त बायकांचा आहे, तू नक्की ये. चारुता चकल्या घेऊन गेली. टीव्हीवर स्पेनचे फोटो लावलेले होते. सावनी म्हणून एक नवी मुलगी नुकतीच पुण्याहून कॅरीत आली होती. पुलाचा फोटो आला तशी ती म्हणाली, "किती सुंदर आलाय. कुणी काढला?"

वीणा बशा भरत होती. तिनं मान वर केली नाही. "होती तिथे एक बाई."

चारुता सोफ्याच्या टोकाला बशी घेऊन बसली होती. सावनीनं तिच्याकडे वळून विचारलं, "तुम्ही नव्हता गेलात, काकू?"

"नाही," चारुता म्हणाली.

"चारू, चिवडा संपत आलाय बघ," वीणा म्हणाली. "ओट्यावर दुसरा डबा आहे, आणतेस का?"

चारुता उठली आणि डबा घेऊन आली.