सासूबाईंचे गुडघे आणि माझा स्तूप

माझ्या सासरी जावई चुकत नाही. चुकला तरी त्याला तसं कोणी सांगत नाही. फार तर पाण्याचा गडवा पुढे करतात. या रिवाजावर मी पंधरा वर्षं रुबाबात जगलो.

दरेकशाकडच्या डोंगरात खडकात कोरलेली एक जुनी खोली आहे, भिक्खूंच्या राहण्याची. तिथं एक मेणबत्ती लावायची, एवढंच सासूबाईंचं मागणं. पण गुडघे झिजलेले, आणि डॉक्टर म्हणाला, ऑपरेशननंतर डोंगर विसरा. म्हणजे चढायचं ते एकदाच.

"मी नेतो," मी म्हणालो. दोन दिवस मोबाइलवर वाचून मी पुरातत्त्वात तयार झालो होतो.

पांढरं पातळ नेसून, काठी टेकत त्या निघाल्या. मागे बायको, पुढे मी. वाटेत मोहफुलं वेचणाऱ्या बाईनं विचारलं, "कोठी चालले जी?" मी सांगितलं. तिनं नुसत्या हनुवटीनं डावीकडं दाखवलं. इतकं वाचलेल्या माणसाला हनुवटीनं वाट दाखवावी, हे मला पटलं नाही. मी उजवीकडं वळलो.

अर्ध्या तासानं एकावर एक बसलेल्या शिळा आल्या. वरची गोल.

"हा स्तूप," मी जाहीर केलं.

"आणि हे खड्डे?" बायको.

"दिवे ठेवायचे."

कपारीत लेंड्यांचा थर होता, त्याविषयी मी बोललो नाही. सासूबाईंनी खडकावरून हात फिरवला, माझ्याकडं पाहिलं, आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढं धरली. मेणबत्ती आतच राहिली.

"लावा ना, आई."

"हवा आहे जी. थांबा थोडं."

झाडाचं पान हलत नव्हतं.

तेवढ्यात ती मोहवाली टोपली घेऊन आली. "इथं काऊन बसून राहिले जी? इथं त आमच्या बकऱ्या बसतेत पावसापान्यात."

बायको पदर तोंडाला लावून उभी. मी सासूबाईंच्या गुडघ्यांकडं पाहिलं. दोन्ही सुजले होते. एकदाच्या त्या चढणीतली निम्मी मी बकऱ्यांच्या गोठ्यावर खर्च केली होती.

मी त्यांच्यापुढं उकिडवा बसलो. "पाठीवर बसा."

"जावयाच्या पाठीवर? लोक का म्हनतीन?"

"इथं लोक कुठले? बकऱ्याच."

बसल्या. आणि कानाशी आवाज आला, "डावीकडं जी." पंधरा वर्षांत सासरचं पहिलं मार्गदर्शन.

खोली साधीच निघाली. बाजूला ओटा, उशाशी दगड थोडा उंच ठेवलेला. सासूबाईंनी मेणबत्ती लावली, हळू आवाजात त्रिशरण म्हटलं, आणि मग भिंतीवरचे छिन्नीचे घाव बोटांनी एकेक चाचपत राहिल्या.

"आई, तो स्तूप नाही हे तुम्हाला कळलं होतं?"

"गिट्टी फोडून पोरी मोठ्या केल्या जी मी. दगडाले घाव नाही, एवढं मले नाही समजन का?"

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं ना," त्या म्हणाल्या. "पाणी नाही देलं का तुमाले?"