आमच्या ओट्यावर कुणी बसत नसे

बातमी धर्मानं आणली. संध्याकाळचा भात चुलीवर होता आणि यांची बंदरावरून फिरून यायची वेळ टळून गेली होती. धर्मा खाडीपलीकडच्या गावचा, मिठागरात काम करणारा माणूस. एरवी ओट्याची खालची पायरी न सोडणारा, त्या दिवशी थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "वैनी, नाना बंदरावं बसलं ते बसलंच. हाक मारली तं उठत नाय," एवढंच म्हणाला... मी आधी भात उतरवून ठेवला आणि मग बाहेर आले. धक्क्यानं माणूस असं वागतो, असं पुढे सगळे म्हणाले. असेल.

मग आमच्याकडे माणसं आली. ओटा, अंगण, पायऱ्या, कुठे उभं राहायला जागा उरली नाही. ज्या बायकांनी वर्षानुवर्षं मला हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, त्या मला कवटाळून बसल्या. माणसाच्या मनातल्या काळोखात उतरणारा कादंबरीकार गेला, असं पेपरांतून छापून आलं. उतरले असतील. पण त्या काळोखापायी आमचं घर कसं ओस पडलं ते कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहायला बसले आहे.

मी लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा लढाईचे दिवस होते आणि रॉकेलसाठी रांगा लागत होत्या. यांची नोकरी कचेरीत, कारकुनाची. संध्याकाळी ओटा माणसांनी भरलेला असायचा. पानाचा डबा फिरायचा, बंदरात कुणाचं गलबत लागलं, भाताला काय भाव फुटला, कुणाच्या सुनेनं काय केलं, सगळं तिथे निघायचं. आतून चहा पाठवता पाठवता मी वैतागायची आणि मनातून सुखावायचीही. मग यांची पहिली कादंबरी आली. तिच्यात धाकटा भाऊ खाडीच्या चिखलात रुततो, भरती चढत असते आणि काठावरचा थोरला, हातात दोर असूनही, जरा वेळ थांबतो. पण पनवेलात भावाभावांच्या भांडणांना काय तोटा? बाजारपेठेतले भाऊ म्हणाले, हे आमच्यावर लिहिलंय. वरच्या आळीतले म्हणाले, आमच्यावर. बघता बघता ओटा रिकामा झाला, कारण नानांसमोर बोललेलं उद्या पुस्तकात येईल असं जो तो म्हणू लागला. मी शेजारच्या कुसुमवहिनींकडे हळदीकुंकवाला गेले की बायका बोलता बोलता थांबायच्या आणि एकदम नारळाच्या भावावर यायच्या. मी काय यांची हेर होते? पुढे पुढे तर बोलावणंच येईना. एकदा न राहवून मी यांच्यापुढे रडले. तेव्हा म्हणाले, "अगं, मी कुणाचंही काही घेतलेलं नाही." "मग एवढं वाईट तुम्हाला सुचतं कुठून?" असं मी विचारलं. पुढची कादंबरी पहिलीहून काळी निघाली.

अशात एका बाजाराच्या दिवशी धर्मा पहिल्यांदा आला. वर या म्हटलं तरी येईना, पायरीवर अंग चोरून बसला. ती पहिली कादंबरी त्याला त्याच्या मुलीनं वाचून दाखवली होती. मी दाराआड चहा घेऊन उभी. "नाना, बुकातला त्यो मोठा भाऊस मीच हाय," तो म्हणाला. "दोर माज्या हातात व्हता. मी टाकला, नाय असा नाय. पन जरा थांबून टाकला... तवर त्यो दिसंना. आमच्या घरात बी कोनाला ठाव नाय. तुमाला कोनी सांगला?" मला वाटलं, आता हे काहीतरी समजुतीचं बोलतील. पण हे म्हणाले, "कुणी नाही सांगितलं. माझा धाकटा भाऊ विषमज्वरानं गेला. उशाशी मीच होतो. औषधाची वेळ झाली हे मला कळत होतं, आणि मीही जरा थांबलो होतो."

मी कपबशी दाराशीच खाली ठेवली. माजघरात त्या दिराची तसबीर होती. लग्न होऊन आल्यापासून मी रोज तिला फूल वाहत होते, आणि हे तिच्यासमोर कधी उभे राहत नसत. ते का, हे मला दाराआडून कळलं, तेही एका परक्या माणसाला सांगितलं म्हणून. मला त्यांच्या भावाचं जेवढं वाईट वाटलं नाही, तेवढं मला न सांगितल्याचं वाटलं. जेवताना मी विचारलंच, "मला का नाही कधी सांगितलंत?" बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "तुला सांगितल्यावर मग मला यायला घर कुठं उरलं असतं?" त्या वेळी मी रागानं ताटावरून उठले. आज त्या वाक्याचा राग येत नाही, नुसतं एकटं वाटतं.

त्यानंतर धर्मा दर बाजाराला येत राहिला. दोघं फारसं बोलत नसत. हे खुर्चीत, तो पायरीवर, आणि माझा चहा स्वयंपाकघरात. सगळ्यांच्या मनाचा तळ ढवळणाऱ्या या माणसाच्या एकाही कादंबरीत मी नाही. मी शोधलं आहे. माझ्यात काळं काही असेल असं त्यांना वाटलंच नाही, की ते बघायची भीती वाटली, कोण जाणे...

तेरावं झालं आणि ओटा पुन्हा ओस पडला. बाजाराच्या दिवशी धर्मा मात्र आला आणि नेहमीच्या पायरीवर बसला. मी सवयीनं दोन कप चहा टाकला, आणि मग यांचा कप घेऊन स्वतःच उंबऱ्यावर बसले. समोर त्यांची खुर्ची तशीच होती. धर्मानं बशीत चहा ओतला. मग मी म्हटलं, "धर्मा, तू त्या दिवशी दारात येऊन सांगितलंस ना, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ठाऊक आहे? आता आपल्या ओट्यावर माणसं येतील, हे आलं. रडू त्याच्या मागून आलं."

तो दचकला नाही की त्यानं माझ्याकडे वळून बघितलं नाही. रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाला, "व्हतं आसं, वैनी." मग माझ्या कपाकडे बोट करून म्हणाला, "च्या घ्या. निवतंय."