खरवडलेला रणगाडा

वसंता गेल्याचं मला त्याच्या मेव्हण्याकडून कळलं. तो माझ्या दुकानात वसंताचा फोटो घेऊन आला आणि म्हणाला, "दहाव्याला फ्रेम हवी." मी फोटो पाहिला, माप घेतलं, पट्टी कापली. भावही पूर्ण घेतला. वसंताने हयातीत मला कधी काही सोडलं नाही, मी का सोडावं? त्याला जाऊन सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात, पण मी आठवेल तेच लिहिणार आहे.

जोगेश्वरीत त्याचा स्टुडिओ आणि माझं फ्रेमचं दुकान यांच्यामध्ये फक्त चार दुकानं. दोघेही कोकणातून रिकाम्या हाताने आलेलो. तो फोटो काढायचा आणि गिऱ्हाईक चौकटीसाठी माझ्याकडे पाठवायचा. पासष्टचं युद्ध संपलं तेव्हा वर्तमानपत्रांत पकडलेल्या रणगाड्यांचे आणि पाडलेल्या विमानांचे फोटो यायचे, आणि लोक ती कात्रणं फ्रेम करायला आणायचे. देवांच्या तसबिरींपेक्षा त्या वेळी पाकिस्तानी रणगाडे जास्त खपले. मग दिवाळीनंतर खराच एक रणगाडा लोकांना बघायला म्हणून अंधेरीच्या मैदानात आणून उभा केला. वसंता कॅमेरा घेऊन निघाला, मी आईला घेऊन निघालो.

आईने जन्मात फोटो काढून घेतला नव्हता. कॅमेरा दिसला की ती पदर ओढून पाठ फिरवायची. त्या दिवशी ती रणगाड्याभोवती बांधलेल्या दोरीपाशी गेली, कनवटीची कुंकवाची डबी काढली आणि सगळ्यांदेखत रणगाड्याच्या पत्र्याला अंगठ्याने कुंकू लावलं. खंडेनवमीला माझ्या करवतीला लावायची तसंच. पहाऱ्यावरचा शिपाई हसला. मी ओरडलो, "आये, ता शत्रूचा हा!" ती शांतपणे म्हणाली, "लोखांडच मा ता. आता आपल्या दारात इला. कुंकू लावक नको?" तेवढ्यात वसंताने फोटो काढला. आईला कळलंही नाही.

आठवड्याने तो फोटो त्याच्या शोकेसमध्ये लागला, हातभर मोठा करून. दोन दिवसांत अख्ख्या बाजाराला विषय झाला. "काय शेठ, आता रणगाड्याची आरती कधी?" एकाने तर सरळ विचारलं, "तुमचे पाहुणे का रे तिकडे?" माझं डोकं फिरलं. मी वसंताकडे गेलो.

"फोटो उतरव आणि निगेटिव्ह दे. वर्षभर तुझ्या स्टुडिओच्या फ्रेमा फुकट करतो."

"निगेटिव्ह मी देत नाही. माझ्या हातचा सगळ्यात चांगला फोटो आहे तो, यार."

"मग तो रणगाडा तरी काढ त्यातून."

"रणगाडा काढला तर उरलं काय रे त्यात?"

मी शोकेसची काच फोडली आणि फोटो त्याच्यासमोर फाडला. तो नुसता काचा गोळा करत बसला... त्यानंतर आम्ही बोललो नाही.

सात वर्षांनी आई गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की भिंतीवर लावायला घरात तिचा एकही फोटो नाही. अर्ध्या जोगेश्वरीची मेलेली माणसं मी चौकटीत बसवली आणि माझ्याच घरातला खिळा रिकामा. वसंताला हे ठाऊक होतं. तो स्मशानात आला, मागे उभा राहिला आणि गेला. फोटो आणला नाही. मी मागायला गेलो नाही. माझा खरा राग हा आहे, शोकेसचा नव्हे.

दहाव्याला मी गेलो. कुमुदवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, कपाटातून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. आत फोटो आणि निगेटिव्ह. फोटोत आई होती, रणगाडा नव्हता. निगेटिव्हवरचा रणगाडा त्याने ब्लेडने खरवडून टाकला होता. खरवडलं की तेवढी जागा छापल्यावर काळी येते, आणि खरवडलेलं परत भरता येत नाही.

"तुमच्या आई गेल्या त्या आठवड्यात करत बसले होते," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, त्याला असाच हवा होता. तुम्ही याल म्हणून वाट बघत होते."

"चार दुकानं चालून यायला त्याचे पाय मोडले होते?"

"तुमचे तर धड होते ना, भाऊजी?"

मी पाकीट उचललं आणि घरी आलो.

मी म्हटलं तसंच त्याने केलं, आणि नेमकं तेच मला आता नको आहे. आईचा अंगठा पुढे आला आहे आणि समोर नुसता काळोख. ती कशाला कुंकू लावते आहे ते बघणाऱ्याला कळत नाही. कुठलाही फ्रेमवाला ती काळी बाजू कापून आईला मधोमध बसवेल. मीही पट्टी लावून ब्लेड हातात घेतलं होतं... मग ठेवून दिलं. चौकट मोठी केली. आई डावीकडे, उजवीकडची काळी जागा पूर्ण ठेवली. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, इथे काय होतं? मी रणगाडा सांगतो. मग वसंताचं नाव सांगावंच लागतं.