पिल्लूसरांचे दहापैकी सहा

पिल्लूसरांनी आयुष्यात कोणालाही दहापैकी सहाच्या वर गुण दिले नाहीत. आमच्या गावच्या लालबाग भागातल्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली शिकलो. "बरोबर आहे रे सगळं, पण माजशील," म्हणत ते लाल पेनाने चार गुण कापायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी हाच छळ चित्रांच्या पुस्तकांतून चालू ठेवला. चित्रं माझ्याकडून, कारण मी गावातल्या इतवारा बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवतो आणि सरांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती. वाघाचं पिल्लू, सशाचं पिल्लू, माकडाचं पिल्लू. गोष्ट मेली एकच. पिल्लू आईबापाचं ऐकत नाही, केळीच्या बागेत हरवतं, रडत घरी येऊन माफी मागतं. वाघ केळीच्या बागेत कशाला जाईल, असं मी एकदा विचारलं. "पेंटर, तू रंग लाव. दिमाग मत लगा," म्हणाले.

प्रत्येक पुस्तकाची पहिली प्रत टपालाने इंदूरला जायची, मुलीला, सुनीताला. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं म्हणून आठ वर्षं सर तिच्याशी बोलत नव्हते. जगातल्या पिल्लांना माया शिकवणाऱ्या या माणसाने स्वतःची नात पाहिली नव्हती. मला त्यांचा भयंकर राग यायचा. तो मी पुढच्या पुस्तकातल्या मोठ्या अस्वलाला त्यांच्यासारखं नाक रंगवून शमवला. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

अस्वलाचं पुस्तक मात्र इंदूरहून परत आलं. शेवटच्या पानावर सुनीताने लाल पेनाने लिहिलं होतं, "उत्तर अपूर्ण. बापाचं काय?"

चार दिवस सर घराबाहेर पडले नाहीत. पाचव्या दिवशी माझ्या दुकानात येऊन बसले. "शेवटचं पान बदल. मोठं अस्वल पिल्लाच्या दाराशी उभं दाखव." मी काढलं. "मान जरा खाली घे." घेतली. "अजून." तीन कागद वाया गेले, तेव्हा कुठे अस्वल पुरेसं वाकलं. खालची ओळ त्यांनी स्वतः लिहिली, "चुकलं माझं." मी ब्रश धुवायला उठलो.

ते पानही परत आलं. लाल पेनात, "लेखी सहा. उरलेले चार तोंडी परीक्षेचे. इंदूरला या."

"फार कडक तपासते," सर म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेले.

त्याला वर्ष झालं. लालबागची पोरं त्या पुस्तकांतून सुटली, पण मला काही करमत नाही. परवा न राहवून सुनीताला फोन केला आणि सर परत कधी येणार ते विचारलं.

"कसे येतील, पेंटरभाऊ? अजून आठावरच आहेत."