ताईचं थांबणं

माझी ताई दुसरीच्या वर्गाला शिकवते. नवा शब्द मुलांना द्यायची तिची एक रीत होती. फळ्यावर शब्द लिहायचा, अर्थ सांगायचा, मग मुलांनी तो घरी नेऊन कुणावर तरी वापरून यायचं. 'लहरी' हा शब्द दिला, त्या आठवड्यात गल्लीतले निम्मे आजोबा लहरी ठरले. एका पठ्ठ्याने तर जेवताना वडिलांनाच 'बाबा, तुम्ही फार लहरी' असं सुनावलं आणि धपाटा खाल्ला. ताईला त्याचं केवढं कौतुक. म्हणाली, शब्द अंगी लागला.

दुसरा नियम जास्त कडक. मूल शब्दापाशी अडलं तरी शब्द त्याच्या तोंडात घालायचा नाही. थांबायचं. बाकीची शहाणी पोरं हात वर करून अर्धी उभी राहायची, ताई त्यांना डोळ्यांनीच दटावायची आणि अडलेल्या पोराकडे हसून बघत बसायची. मी असते तर केव्हाच सांगून मोकळी झाले असते. माझा स्वभाव पहिल्यापासून उतावळा.

"तू दिलेला शब्द ते संध्याकाळी विसरेल," ती मला म्हणायची. "स्वतः शोधलेला जन्मभर पुरेल."

आणि खरंच, पोरं कपाळ चोळायची, छताकडे बघायची आणि कुठून तरी शब्द काढायचीच.

गेल्या वर्षी भाऊजींना अर्धांगवायूचा झटका आला. हात थोडाफार सुधारला, पण वाचा गेली. कळायचं सगळं, शब्द तेवढे सापडत नसत. बसच्या कंडक्टरशीसुद्धा ओळख काढणारा हा माणूस, दिवसभर गप्प. बघवत नसे. त्यांनी पुन्हा पहिल्यासारखं बोलावं, एवढाच ध्यास ताईने घेतला. वर्गातली चित्रं घरी आली. भाऊजींनी पेल्याकडे बोट दाखवलं की ती पेला हातात धरून हसत वाट बघायची. एकदा न राहवून मी 'पाणी' म्हणून गेले, तर तिने असं बघितलं की मी मुकाट्याने स्वयंपाकघरात निघून गेले.

पण 'पाणी' आलं. 'चष्मा' आला. एका दुपारी त्यांनी तिला नावाने हाक मारली, तेव्हा ती बाथरूममध्ये जाऊन रडली.

त्या रविवारी मी तिच्याकडेच होते. भाऊजी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. ताईकडे बघून त्यांचे ओठ हलायला लागले आणि बरा हात कपाळावर गेला. ताईचा चेहरा उजळला.

"बघ, आठवतायत," ती हळूच मला म्हणाली. "अगदी माझ्या पोरांसारखं."

ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "घाई नाही हं. सापडेल."

ते कपाळ चोळत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मायेने हसत राहिली. मग त्यांची मान एका बाजूला कलली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरबाई बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच आम्ही समजलो. मेंदूत रक्तस्राव झाला होता, त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "आधी डोकं दुखतंय असं काही म्हणाले होते का?"

मी ताईचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

"म्हणत होते," ती म्हणाली. "मी थांबले होते."